मुका डबा

हिंदुरावांनी मला पहिल्यांदा झापलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते, आणि मला झापायची हिंमत आमच्या हेडमास्तरांनाही होत नसे. गुन्हा एवढाच, की माइकचं बटण दाबून मी काय बोलावं याचा विचार करत बसले होते.

"बाई, बोलायचं नसंल तर बटन सोडा," सेटमधून आवाज आला. "हवा सगळ्यांची हाय. एकानं बटन धरून ठिवलं की बाकीच्यांनी काय करायचं?"

ज्यांनी हौशी रेडिओ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे सेट फोनसारखे नसतात. एकाच वाटेवर सगळे बोलतात, एका वेळी एकच. ज्याने बटण दाबलं त्याचं राज्य. तो काही बोलला नाही तरी वाट त्याचीच अडते, सेटची एरवीची खरखर थांबते आणि बाकीच्यांना फक्त एक पोकळ शांतता ऐकू येते. म्हणून आमच्या क्लबातला पहिला धडा, बोलणं झालं की बोट काढा. हा धडा चाळीसेक माणसांना हिंदुरावांनी दिला. गोड बोलून एकालाही नाही.

हिंदुराव मूळचे वेळापूरचे. एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात आले ते कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून. तिथल्या प्राध्यापकांना रेडिओचं वेड होतं आणि गच्चीवर तार धरून उभं राहायला माणूस लागत होता. प्राध्यापक मुलांना मोर्सची कडकट्ट शिकवायचे. मुलं विसरून जायची, आणि फरशी पुसणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती राहायची. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला हा माणूस परवान्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला. सरकारने त्यांना जी खूणअक्षरं दिली त्यातली शेवटची दोन, एच आणि आर, आम्ही हवेत 'हॉटेल रोमिओ' अशी म्हणायचो. त्यांच्या बायकोला, वैजयंतीवहिनींना, याचं हसू आवरत नसे. "रोमिओ म्हनं! लगीन झाल्यापास्नं एक गजरा आणला न्हाय मेल्यानं," म्हणायच्या. मी 'पापा डेल्टा'. शाळेत कळलं असतं तर पोरांनी मला निवृत्त होईपर्यंत पापा म्हटलं असतं.

क्लबाचा अध्यक्ष हिंदुराव कधीच झाले नाहीत. अध्यक्ष आले, हार घालून घेतले, गेले. हिंदुरावांनी धरलं ते सकाळचं नेट, म्हणजे सभासदांची हवेतली बैठक. रोज सात वाजता सेट लावायचा, हजेरीपट उघडायचा आणि एकेका सभासदाला हाक मारायची. हाक तीनदा. प्रत्येक हाकेनंतर मनात दहा आकडे मोजायचे. तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही तरच नावापुढे 'गैरहजर'. सगळ्यांना ठाऊक असायचं की अमका माणूस पुण्याला मुलाकडे गेलाय, तरी त्याला तीन हाका आणि तीस आकडे मिळायचेच.

"अहो, आहे ठाऊक तर कशाला ओरडत बसता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आपल्याला काय ठावं, बाई? असंल आडचणीत. सेटचा आवाज गेला असंल. आपण हाक मारायची."

एक्केचाळीस नावं होती तेव्हा नेट तासभर चालायचं. मग मोबाइल आले. काही माणसं वारली, काही मुलांच्या मागे शहरं बदलून गेली, बरीचशी नुसती कंटाळली. उंचावरून आमचे आवाज लांबवर पोचवणारं क्लबाचं यंत्र बंद गिरणीच्या पाण्याच्या टाकीवर होतं. टाकी पाडली तेव्हा तेही गेलं. उरलो ते थेट गच्चीवरून गच्चीवर बोलणारे शहरातलेच चौघे. हिंदुराव, मी, अक्कलकोट रोडचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर सिद्धप्पा आणि क्लबाचा चिटणीस अनिलकुमार, जो सौरपंपांच्या कंपनीत इंजिनीयर आहे. हिंदुराव तरी एक्केचाळीसांनाही हाका मारायचे. फक्त मेलेल्यांना नाही.

आम्ही अगदीच बिनकामाचे होतो असं नाही. सीनेला पूर आला तेव्हा एका तहसील कचेरीच्या जिन्याखाली आम्ही तीन दिवस सेट लावून बसलो होतो. पहिल्याच दिवशी मोबाइलचे मनोरे गप्प झाले आणि मग साहेबलोक जिन्याखाली वाकून यायला लागले. होडी कुठे हवी, इन्शुलिन कुणाला हवंय, दुधाची भुकटी कुठल्या शाळेत उतरवायची, सगळे निरोप हिंदुरावांच्या घोगऱ्या आवाजातून गेले. प्रत्येक निरोप ते पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. पुढे आभाराच्या सभेत एका पुढाऱ्याने आमचा उल्लेख 'पूरग्रस्तांसाठी रेडिओवर गाणी लावणारे तरुण' असा केला. आमच्या चौघांचं सरासरी वय तेव्हा बासष्ट होतं.

परतताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाई, माज्यामागं नेट कोण घेणार?"

"तुम्ही शंभर वर्षं जगणार. मीच आधी जाईन."

"चेष्टा नगं. मला एवढंच वाटतं की हे बंद पडू नये. सेवा-बिवा राहू द्या. रोज सकाळी कुणीतरी आपलं नाव घेतं की हो. हजेरीपट तुमी घ्या."

"बघू," मी म्हणाले. शाळेत एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्यांना कळलं असणार. ते पुन्हा खिडकीकडे वळले.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाणी येणं हा एक वारच असतो. त्या दिवशी माणूस दुसरं काही करत नाही. सेट चालू ठेवून मी हंडे भरत होते. हिंदुराव घरी एकटेच होते, वहिनी बारशासाठी वेळापूरला गेल्या होत्या. सात वाजता नेट सुरू झालं. माझी हजेरी झाली. सिद्धप्पांना पहिली हाक झाली, दुसरी हाक अर्धी झाली आणि ती पोकळ शांतता आली.

मी थांबले. दहा आकडे, वीस आकडे. कुणी बोलेना. शांततेच्या मागे मात्र पाण्याची धार ऐकू येत होती, पिंपात पडणारी. मी मनात म्हटलं, गृहस्थ माइक उशीखाली दाबून पाणी भरायला गेले वाटतं. जगाला शिकवतात आणि स्वतः बटण धरून बसतात! मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? चोवीस वर्षांचा हिशोब चुकता करायची संधी होती. मी क्लबाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'कुणाचं तरी बटण अडकलं आहे. कृपया हवा मोकळी ठेवावी.' अनिलकुमारने हसणारे चेहरे टाकले. सिद्धप्पांनी हात जोडले. आणि आम्ही तिघे शिस्तीत वाट बघत बसलो, कारण दुसऱ्याचं बटण दाबलेलं असताना आपण बोलायचं नसतं.

थोड्या वेळाने पिंप भरलं. धारेचा आवाज बदलला, पाणी बाहेर फरशीवर पडायला लागलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. भरलेलं पिंप वाहू देणारा सोलापूरकर शुद्धीवर नसतो. हे मला कळायला हवं होतं. शुक्रवार पेठेत त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे, चालत पाच मिनिटं. माझे तीन हंडे भरायचे राहिले होते. मी आवाज बारीक केला आणि हंडे भरले.

साडेनऊला गल्लीत पाणी आलं म्हणून शेजारी भांडायला गेला. हिंदुराव खाटेजवळ कुशीवर पडले होते, माइक अंगाखाली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झाली, दोन तास आधी आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. त्यांनी ते सहज सांगितलं. मी ते अजून सहज ऐकू शकलेले नाही. आम्हाला कुणाला शोधत फिरायचं नव्हतं. तो माणूस आमच्या कानात पडला होता. आम्ही त्याला ऐकत होतो, अडीच तास, आणि त्याच्यावरच चिडलो होतो.

फेब्रुवारीअखेर ते घरी आले. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. समजतं किती याचं उत्तर कुणी देईना. डावा हात तेवढा हलायचा. मी न विचारताच हजेरीपट घरी आणला. 'बघू' म्हणायला आता तोंड नव्हतं.

वहिनींनी त्यांचा सेट खाटेशेजारी लावून ठेवला. पहिल्या सकाळी मी पहिलंच नाव घेतलं, "हॉटेल रोमिओ." आणि ती पोकळ शांतता आली. त्यांनी डाव्या हाताने बटण दाबलं होतं. मागे वहिनींचा आवाज येत होता, "आवो, बाईंनी हाक मारली बगा!" मी रडले. सिद्धप्पाही रडले, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

पण बटण सुटेना. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, चाळीस मिनिटं. शेवटी मी चपला घालून गेले आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ही शांतता हजेरीची की पुन्हा पडल्याची, हे ऐकून कळत नाही. गुडघे कुरकुरत असताना मी रोज दोन गल्ल्या धावत जायचे. नेट पहिल्या नावावरच बंद पडायचं. सिद्धप्पांनी सेट लावायचं सोडलं. त्याच सुमारास पॉलिटेक्निकच्या दोन मुली परीक्षा पास होऊन क्लबात आल्या होत्या, रेश्मा आणि इंद्रायणी. कित्येक वर्षांतली ही पहिली नवी नावं. आठवडाभर त्यांनी सेट लावून नुसती शांतता ऐकली.

अनिलकुमार घरी आला. "मॅडम, सरांचा माइक काढून घ्यावा लागेल. मलाही वाईट वाटतं. पण नेट चालू राहावं ही सरांचीच इच्छा होती ना? असं ते कसं चालणार?"

त्याचं चूक नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्त राग आला. वहिनींकडे मी विषय काढला तर त्या माझा हात धरून म्हणाल्या, "तेवडं एकच त्यांच्या हातात ऱ्हायलंय, बाई. तुमी नाव घेतलं की चेहरा कसा उजळतो बगा की. ते नका काडू."

तेव्हा मला मुका डबा आठवला. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून, त्यात एक रोधक बुडवून तो हिंदुरावांनीच वीस वर्षांपूर्वी केला होता. सेट दुरुस्त करून तपासताना अँटेनाची तार काढायची आणि ती जागा या डब्याला जोडायची. मग कितीही बटण दाबा, आवाज हवेत जात नाही, तेलात जिरतो आणि डबा कोमट होतो. "दुसऱ्याला तरास नगं," म्हणायचे. डबा क्लबाच्या कपाटात होता. मी तो पिशवीत घालून नेला. वहिनी चहा टाकायला आत गेल्यावर अँटेनाची तार काढली, डबा जोडला आणि टेबलामागे सरकवून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. हिंदुराव माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "तार जरा सैल झाली होती."

दुसऱ्या दिवसापासून नेट सुरळीत झालं. सिद्धप्पा परतले, मुली बोलायला लागल्या, त्यांनी वर्गातल्या आणखी दोघींना आणलं. अनिलकुमार म्हणाला, "मॅडमनी काय जादू केली?" आणि मी शाळेतल्यासारखी गूढ हसले. वर माझ्या मनाच्या समाधानाला एक पळवाटही होती. डबा घरगुती, त्यातून आवाज थोडा गळायचा. माझं घर जवळ असल्याने माझा आवाज त्यांच्या सेटवर बारीकसा पोचायचाच, आणि त्यांनी बटण दाबलं की माझ्या सेटवरची खरखर किंचित विरळ व्हायची. बाकी कुणालाही ते कळत नसे. मी त्यांच्या नावाला थांबायचे, कान लावायचे, खरखर विरळ झाली की 'हजर' लिहायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. त्यांचं बटण दाबलेलंच असायचं आणि आमचं नेट मजेत चाललेलं असायचं. किती हुशार मी!

असे दहा आठवडे गेले. जूनमध्ये एका सकाळी नेट संपवून मी त्यांच्याकडे गेले होते. ते खाटेवर टेकून बसले होते, माइक मांडीवर. मी वहिनींना म्हटलं, "आता आठ जणं येतात हो नेटवर. हिंदुरावांना बरं वाटत असेल."

वहिनी भाजी निवडत होत्या. थांबल्या. "आठ? कुटं आठ? आमाला तर तुमचाच आवाज येतो, त्यो बी चिरका. हात दमून बटन सुटलं की आयकू येतं, तुमी नावं घेत ऱ्हाता आन् कुणीच बोलत न्हाय. रोज. ह्यांच्या डोळ्याला धार लागती. मला वाटलं समदी सोडून गेली. म्हणून तर हे पुन्यांदा बटन दाबत्यात, बाईंना एकटं नगं वाटाया म्हणून."

मी एम. एस्सी. आहे. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तार काढली की जाणारा आवाज जसा बंद होतो तसाच येणारासुद्धा, हे आठवीच्या पोरीला सांगितलं तर कळेल. माझं लक्ष फक्त त्यांना गप्प करण्याकडे होतं. ज्या माणसाला एकच धास्ती होती की नेट बंद पडेल, त्याला मी दहा आठवडे रोज सकाळी ते बंद पडलेलं ऐकवत होते.

मी वळून पाहिलं. त्या दिवशी फरशी पुसताना वहिनींनी डबा टेबलामागून काढून खिडकीत ठेवला होता, खाटेच्या हाताशी. हिंदुरावांचा डावा हात त्या डब्यावर होता. डबा कोमट असणार, कारण ते अर्धा तास बटण दाबून बसले होते. हात तसाच राहिला. मग त्यांची नजर डब्याच्या तारेवरून हळूहळू सेटपर्यंत गेली आणि तिथून माझ्यापर्यंत आली. किती समजतं याचं उत्तर डॉक्टरांना देता आलं नव्हतं, ते मला त्या क्षणी मिळालं. सगळं समजत होतं.

"हिंदुराव, मी..."

त्यांनी हात काढून घेतला. मांडीवरचा माइक उचलला आणि सेटच्या बाजूच्या हुकाला अडकवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. चार महिन्यांत त्यांनी आपणहून माइक खाली ठेवला नव्हता.

मी तिथल्या तिथे डबा काढला, अँटेना लावली. वहिनींना सगळं सांगितलं. त्या भाजी घेऊन आत गेल्या. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेटवर बाकीचे सातही आवाज खणखणीत पोचले. वहिनींनी फोनवर सांगितलं, ते शेवटपर्यंत ऐकत होते, रडले नाहीत. पण मी नाव घेतलं तेव्हा बटण दाबलं गेलं नाही. मी जाऊन पाया पडल्यासारखी विनवणी केली, "दाबा हो. कितीही वेळ धरा. आम्ही सगळे थांबू. अनिलकुमारशी मी बोलते." त्यांनी डावा हात पांघरुणात घेतला आणि भिंतीकडे पाहत राहिले.

आता नेट अकरा जणांचं झालंय. मुली चुणचुणीत आहेत, बोलून झालं की चटकन बोट काढतात. रोज सातला मी पहिलं नाव घेते, "हॉटेल रोमिओ." खरखर उघडी ठेवून दहा आकडे मोजते. पुन्हा हाक, पुन्हा दहा. अनिलकुमार एकदा म्हणाला, मॅडम, सर हजेरी देणार नाहीत आता, कशाला एवढा वेळ? त्याला मी असं झापलं की पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या हाकेनंतर खरखर तशीच भरून असते. दोन गल्ल्यांपलीकडे ते जागे असतात, सेट चालू असतो, माझा प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जातो. मी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिते आणि सिद्धप्पांना हाक मारते.